च्यांग कै-शेक मराठवाड्यात आला नव्हता

परभणीच्या माझ्या आत्याने मला एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "वाचून बघ गं, डोळे उघडतेत. आपल्याला हे कुणी सांगितलंच नाही." आत्याचे सासरे हैदराबादच्या निझामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात उमरखेडच्या कॅम्पवर होते. त्या घरात रझाकार (निझामाच्या बाजूची हत्यारबंद संघटना), कॅम्प, रात्री गाव सोडून निघालेली माणसं हे विषय जेवताना निघतात. त्याच घरात हा मेसेज खरा मानला गेला, म्हणून मी चिडले. आत्यावर नाही, लिहिणाऱ्यावर. नंतर तोच मजकूर शिक्षकांच्या एका ग्रुपवरही आला. शेवटी सूचना होती : "१७ सप्टेंबरला शाळेत वाचून दाखवा." तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी पोरांसमोर हे वाचलं जाणार असेल तर गप्प बसता येत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. फेब्रुवारी १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, चीनचा सर्वोच्च नेता च्यांग कै-शेक बायकोसह हिंदुस्थानात सदिच्छा भेटीला आला. तो आपल्याला स्वातंत्र्य मिळवून द्यायला आला होता. गांधींनी त्याला भेटच दिली नाही, नेहरूंनी हात झटकले. अपमान गिळून तो निझामाकडे गेला. निझामाने खास रेल्वेने त्याला औरंगाबादला आणलं, अजिंठा-वेरूळ दाखवलं, चीनच्या युद्धासाठी टनावारी सोनं दिलं. मराठवाड्याच्या जनतेने पायघड्या घातल्या, कारण ती निझामाच्या राज्यात सुखी होती, असंतोष फक्त ब्रिटिश मुलखात होता. आणि त्या अपमानाचा सूड चीनने १९६२ मध्ये उगवला.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण लोक तेच वाक्य तोंडपाठ करून सांगायला लागलेत.

१९४२ मध्ये आलेला च्यांग कै-शेक आणि १९६२ मध्ये आपल्यावर सैन्य घालणारं सरकार हे एकमेकांचे जानी दुश्मन होते. च्यांग कुओमिंतांग पक्षाचा. माओच्या कम्युनिस्टांशी त्याची लढाई १९२७ पासून चालू होती. जपानशी लढताना दोघांनी कसाबसा तह केला, महायुद्ध संपताच पुन्हा यादवी पेटली आणि तीत च्यांग हरला. १ ऑक्टोबर १९४९ रोजी माओने पेकिंगमध्ये नव्या राज्याची घोषणा केली, आणि वर्ष संपायच्या आत च्यांग उरलंसुरलं सरकार घेऊन तैवानला पळाला. त्याच ३० डिसेंबरला भारताने माओच्या सरकारला मान्यता दिली. २० ऑक्टोबर १९६२ ला लडाख आणि नेफात (आजच्या अरुणाचल प्रदेशात) चिनी फौजा घुसल्या तेव्हा च्यांग तैवानात बसून त्याच चीनवर उलट स्वारी करण्याचे बेत आखत होता. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पेकिंगला तैवानकडून हल्ल्याची धास्ती होती. च्यांगच्या मानापमानाचा सूड माओ कशाला घेईल? ज्या माणसाला त्याने देशाबाहेर काढलं, त्याच्यासाठी?

१९६२ ची कारणं अभ्यासकांनी वर्षानुवर्षं मांडलेली आहेत. तिबेटमधलं १९५९ चं बंड आणि दलाई लामांना भारताने दिलेला आश्रय. अक्साई चीनमधून चीनने काढलेला रस्ता. १९१४ ची मॅकमोहन रेषा, जी चीनने कधी मानलीच नाही. आणि आपण पुरेशा तयारीविना पुढे पुढे उभारलेल्या चौक्या. या शेवटच्या मुद्द्यावर नेहरू सरकारला दोष द्या, मी आड येणार नाही. तयारी नव्हती, अंदाज चुकला, जवानांना त्याची किंमत मोजावी लागली. पण त्यात १९४२ ची भेट कुठेही नाही. आणखी एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या कानावर घालायची आहे. मॅकमोहन रेषा च्यांगच्या सरकारलाही मान्य नव्हती, तैवानला गेल्यावरसुद्धा नव्हती. चीनमध्ये च्यांग टिकला असता तरी सीमेचा वाद आपोआप मिटला नसता.

आता "गांधींनी भेट दिली नाही".

मेसेजच्या वर एक फोटो चिकटवलाय. त्यात च्यांग आहे, त्याची बायको सूंग मेइ-लिंग आहे आणि दोघांसोबत गांधी बसलेत. कलकत्त्याचा, फेब्रुवारी १९४२ चा प्रसिद्ध फोटो आहे तो. वर हा फोटो आणि खाली "भेट नाकारली". पुढे ढकलण्याआधी हजारो लोकांनी मेसेज पाहिला, फोटोकडे कुणी पाहिलं नाही.

घडलं ते असं. च्यांगला स्वतः वर्ध्याला, सेवाग्रामला जाऊन गांधींना भेटायचं होतं. आडवे आले व्हाइसरॉय लिनलिथगो आणि लंडनहून चर्चिल. एका राष्ट्राचा प्रमुख सरकारशी भांडणाऱ्या पुढाऱ्याच्या दारी गेला तर आपलं नाक कापलं जाईल, ही त्यांची भीती. चर्चिलने तशी तारच केली. अखेर गांधी स्वतः कलकत्त्याला गेले. कधी, तेही पाहा. ११ फेब्रुवारीला वर्ध्यात जमनालाल बजाज वारले. ज्यांना गांधी मुलासारखं मानत, ज्यांच्या आग्रहामुळे ते वर्ध्यात राहायला आले, ते जमनालाल. त्यांना जाऊन आठवडा झाला नसेल तोच गांधी गाडीत बसले आणि १८ फेब्रुवारीला कलकत्त्यात बिर्लांच्या घरी च्यांगला भेटले. बोलणं तासन् तास चाललं, दुभाषाचं काम मेइ-लिंगने केलं.

यावर माझ्याकडे एकच पुरावा आहे, पण तो पुरेसा आहे. १४ जून १९४२ रोजी गांधींनी सेवाग्रामहून च्यांगला लिहिलेलं पत्र. गांधींच्या संकलित वाङ्मयात ते छापलेलं आहे, नेटवरही मिळतं. सुरुवातीलाच ते म्हणतात की कलकत्त्यात तुम्ही आणि तुमच्या पत्नी यांच्या निकट सहवासात गेलेले ते पाच तास मी कधीच विसरू शकणार नाही. पाच तास! भेट नाकारणारा माणूस हे लिहील का? पुढे दक्षिण आफ्रिकेत असताना जोहान्सबर्गच्या छोट्या चिनी वस्तीशी आपला कसा संबंध आला होता ते सांगतात. आणि मग मुद्द्यावर येतात. इंग्रजांनी निघून जावं ही आमची मागणी जपानला वाट मोकळी करून देण्यासाठी नाही, चीनच्या लढ्याला त्यामुळे धक्का लागू नये ही माझी इच्छा आहे. स्वतंत्र हिंदुस्थानशी करार करून दोस्त राष्ट्रांनी इथे आपल्या फौजा ठेवायला माझी हरकत नाही. अहिंसेचा आग्रह धरणारा माणूस हे लिहितोय, ते कुणाची समजूत पटावी म्हणून लिहितोय, हे लक्षात घ्या. "चले जाव"च्या ठरावाला दोन महिनेही उरले नव्हते.

आणि च्यांग खरंच रुसून गेला असता तर त्याने पुढे जे केलं ते केलं नसतं. हिंदुस्थान सोडताना २१ फेब्रुवारीला त्याने निरोपाचा संदेश दिला. त्यात ब्रिटनला जाहीरपणे सांगितलं की मागणीची वाट न बघता हिंदी जनतेला लवकरात लवकर खरी राजकीय सत्ता द्या. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने यजमानाला जाताजाता असं ऐकवणं लंडनला फार झोंबलं. त्याच जुलैत त्याने रूझवेल्टला पत्र लिहून हिंदुस्थानच्या बाजूने मध्ये पडायची विनंती केली. रूझवेल्टने ते पत्र चर्चिलकडे धाडलं आणि चर्चिलने ते उडवून लावलं.

इथे मेसेजला अर्धं माप द्यावं लागतं, मनात नसलं तरी. च्यांगची आपल्याला सहानुभूती होती, हे खरं. पण तो स्वातंत्र्य "मिळवून द्यायला" आला नव्हता, स्वतःच्या गरजेने आला होता. चीनचे पूर्वेचे बंदर-किनारे जपानने आधीच घेतले होते. बाहेरून माल येण्याची मोठी वाट म्हणजे ब्रह्मदेशातला रस्ता, आणि जपानी फौजा आता ब्रह्मदेशात शिरल्या होत्या. च्यांग भारतात असतानाच, १५ फेब्रुवारीला, सिंगापूर पडलं. त्याच्या पाठोपाठ ८ मार्चला रंगून गेलं. हिंदुस्थानात असंतोष माजला तर चीनची उरलेली रसदही तुटेल, ही त्याची चिंता होती. म्हणून तो इंग्रजांना म्हणत होता सत्ता द्या, आणि आपल्या पुढाऱ्यांना म्हणत होता युद्धात सहकार्य करा. दुसऱ्या गोष्टीला गांधी तयार झाले नाहीत. तो निराश होऊन गेला, हेही खरं. पण मतभेद झाला म्हणजे अपमान झाला असं होत नाही. नेहरूंनी "हात झटकले" म्हणणाऱ्याने एवढंच बघावं : नेहरू १९३९ मध्ये स्वतः चीनला जाऊन आले होते, डिसेंबर १९४१ मध्ये तुरुंगातून सुटले होते, आणि या दौऱ्यात च्यांगशी वारंवार बोलणारे तेच होते. आझादही भेटले, जिनांचीही भेट झाली.

"काँग्रेसने चीनसाठी काय केलं?" असाही एक टोमणा मधेच आहे. सोलापूर मराठवाड्याला खेटून आहे, तुळजापूरहून तासाभराची वाट. तिथले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच, जखमी सैनिकांची सेवा करता करता वारले. वय ३२. याउपर काही सांगायची गरज वाटत नाही.

सोन्याचं तर फार लांबण लावत नाही. "निझामाने पाच टन सोनं दान केलं" ही गोष्ट वर्षानुवर्षं १९६५ च्या नावावर फिरते आहे, आता तीच उचलून १९४२ मध्ये आणि चीनच्या पदरात टाकली. १९६५ मध्ये निझामाने ४२५ किलो सोनं सरकारी सुवर्ण रोख्यांत गुंतवलं होतं, साडेसहा टक्के व्याजाने. ते दान नव्हतं आणि पाच टनही नव्हतं. महायुद्धात निझामाचा पैसा गेला तो इंग्रजांकडे. ब्रिटिश हवाई दलाच्या एका तुकडीला हैदराबादचं नाव होतं, १५२ क्रमांकाची, स्पिटफायर विमानांची. "निझाम" नावाची एक विनाशिकाही होती. "ब्रिटिश सरकारचा निष्ठावान मित्र" हा त्याचा किताबच होता. आणि तैनाती फौजेच्या तहापासून, म्हणजे १७९८ आणि १८०० पासून, हैदराबादला परक्या राष्ट्राशी स्वतंत्र बोलणी करायची मोकळीकच नव्हती. ज्या च्यांगला वर्ध्याला जायला व्हाइसरॉयने अडवलं, त्याला निझाम परस्पर बोलावून औरंगाबाद फिरवणार कसा? च्यांगच्या दौऱ्याचा मार्ग माहीत आहे : कलकत्ता, दिल्ली, वायव्येला पेशावर-खैबरखिंड, परत कलकत्ता, शांतिनिकेतन. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी १९३७ मध्ये सुरू केलेलं चीन भवन होतं, म्हणून तिथे. त्याच्या वाटेवर औरंगाबाद नाही आणि अजिंठाही नाही. वर्धा झालं असतं तर मराठवाड्याच्या शेजारपर्यंत तरी तो आला असता. तेही घडलं नाही.

आता ज्या वाक्याने मला झोप लागली नाही त्याकडे येते. "मराठवाड्याची जनता निझामाच्या राज्यात सुखी होती, असंतोष फक्त ब्रिटिश मुलखात होता."

हे वाक्य आत्याने वाचून पुढे पाठवलं. तिच्या सासऱ्यांनी काय सोसलं ते तिला माहीत आहे, पण त्याआधीची दहा वर्षं तिला कुणी सांगितली नसावीत, कारण १७ सप्टेंबरला आपण १९४७ पासून गोष्ट सुरू करतो आणि १९४८ च्या पोलीस कारवाईवर, म्हणजे भारतीय सैन्य हैदराबादेत गेलं तिथे, संपवतो. त्यामुळे १९४२ मध्ये मराठवाडा काय करत होता हे रिकामं राहतं, आणि रिकाम्या जागेत असला मजकूर येऊन बसतो.

तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी लागे. "गश्ती निशान ५३" या फर्मानाने तशी सक्तीच केली होती. वाचनालय, व्यायामशाळा, गणेशोत्सव, खाजगी शाळा, सगळ्यांवर नजर. मराठी बोलणाऱ्या पाच जिल्ह्यांत, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादेत, राज्यकारभाराची भाषा उर्दू. अशा दिवसांत १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. आज परतूर म्हटलं की लोकांना रेल्वे स्टेशन आठवतं. तिथे मराठवाड्याच्या लोकांनी राजकीय हक्कांची भाषा पहिल्यांदा उघडपणे बोलायला सुरुवात केली.

पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस ही राजकीय संघटना काढायचं ठरलं. ती रीतसर जन्मायच्या आतच, सप्टेंबर १९३८ मध्ये, निझाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला, तुकड्यांमागून तुकड्या तुरुंगात गेल्या. त्याच हिवाळ्यात वसतिगृहात "वंदे मातरम्" म्हणायला मनाई झाली म्हणून उस्मानिया विद्यापीठातल्या आणि औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातल्या मुलांनी वर्ग सोडले. शेकडो मुलांची नावं कमी झाली. बरीच मुलं नागपूर विद्यापीठात गेली आणि तिथून शिकली. त्यांतला एक पुढे देशाचा पंतप्रधान झाला, पी. व्ही. नरसिंह राव. सुखी प्रजेची मुलं एका गाण्यासाठी शिक्षणावर पाणी सोडत नाहीत.

आणि १९४२? स्टेट काँग्रेसचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ मुंबईला ८ ऑगस्टच्या, "चले जाव"च्या अधिवेशनाला गेले होते. परतताच निझामाच्या पोलिसांनी त्यांना पकडलं. ज्या वर्षी च्यांग कलकत्त्यात हिंदी जनतेला सत्ता द्या म्हणत होता, त्या वर्षी मराठवाड्याचा नेता तुरुंगात होता, त्याची संघटना बेकायदा होती आणि सभा घ्यायला परवाना लागत होता. मेसेजवाल्याला तेव्हाची शांतता दिसते, ती कशी राखली होती ते दिसत नाही. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठायला १९४६ उजाडलं. आठ वर्षं!

एक गोष्ट कबूल करते, कारण ती वादात नेहमी तोंडावर मारली जाते. साताऱ्यात पुढे प्रतिसरकार उभं राहिलं, तसं काही १९४२-४३ मध्ये मराठवाड्यात झालं नाही. खरं आहे. पण सातारकर एका सत्तेशी लढत होते. इथे खाली निझाम, वर इंग्रज, आणि निझामाला इंग्रजांचं अभय. ब्रिटिश हिंदुस्थानात निदान १९३७ मध्ये निवडणुका होऊन मंत्रिमंडळं आली होती. लोकांनी मत देऊन पाहिलं होतं. हैदराबादेत जबाबदार राज्यपद्धती मागणं हाच गुन्हा होता. तिथे लोक एकदम उठले नाहीत, पण दबलेले होते आणि संधी मिळताच उठले. १९४६ मध्ये बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसऱ्यांचा खून झाला, तरी माणसं मागे हटली नाहीत. ७ ऑगस्ट १९४७ ला हिंदी संघराज्यात सामील व्हा म्हणून दिवस पाळला गेला. सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले. जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटून लढ्याला पैसा उभा केला गेला. हे सगळं सुखी लोकांनी केलं असं म्हणायचं का?

या वाक्यामागे आणखी एक खोडसाळपणा आहे. निझाम चांगला की वाईट या वादात हिंदू-मुसलमान तेढ घुसवायला ते सोयीचं पडतं. एक बाजू म्हणते निझाम देवमाणूस, लगेच दुसरी बाजू शिव्या घेऊन उभी राहते, आणि दोन्हीकडे मराठवाड्यातल्या गावागावांतला माणूस गायब होतो. निझामाची राजवट माणसांना गप्प करणारी होती, म्हणून तिच्याविरुद्ध लढा झाला. त्या राजवटीत मुसलमान शेतकरी आणि विणकरही गरीबच होते. आणि रझाकारांच्या विरोधात हैदराबादेत लिहिणाऱ्या शोएबुल्ला खान या पत्रकाराला ऑगस्ट १९४८ मध्ये जिवे मारलं गेलं, हे नाव या मेसेजच्या कोणत्याच बाजूला सापडणार नाही.

राहिलं एकच. मेसेजमध्ये "सरकारी कागदपत्रांनी सिद्ध" असं लिहिलंय, कोणते कागद ते लिहिलेलं नाही. १७ सप्टेंबरला शाळेत काही वाचायचंच असेल तर गांधींचं १४ जून १९४२ चं पत्र वाचा, दहा-बारा मिनिटं लागतील. आणि त्याआधी गावात चौकशी करा, ज्यांच्या घरातलं कुणी सत्याग्रहात किंवा कॅम्पवर होतं त्यांच्याकडे. स्वातंत्र्यसैनिकांच्या ताम्रपटांवर नावं आहेत, पेन्शनच्या कागदांवर गावं आहेत. मुलांना त्या नावांची माणसं शोधायला लावा, आणि मग स्टेजवर उभं करा.